भिंतीवरचे कासिनो

आमच्या घरात एक छायाचित्र आहे. पूर्वी ते वाड्याच्या माजघरात, देवघराच्या दाराशेजारी होते. पुढे वाडा गेला, त्या जागी सदनिकांची इमारत उभी राहिली, तेव्हा तेही आमच्याबरोबर तिसऱ्या मजल्यावर चढले व पुन्हा देवघराशेजारीच, म्हणजे आता स्वयंपाकघरातील देवांच्या फळीजवळ, लागले. चित्र वीतभर रुंदीचे, काळ्या चौकटीतले. दगडविटांच्या ढिगाऱ्यांनी भरलेला एक रस्ता, दोहों बाजूंस छपरे उडालेली घरे, आणि रस्त्याच्या शेवटी एका भव्य देवालयाचा घुमट. हा घुमट मात्र वरून खाली चिरलेला. नारळाची वाटी कोणी सुरीने उभी कापावी व एक फोड उचलून न्यावी, तसा. अर्ध्या घुमटाची आतली पोकळी उघडी पडून रस्त्याकडे पाहत आहे. चित्राखाली आमच्या आजोबांच्या वळणदार अक्षरांत, काळ्या शाईने, एक ओळ आहे: ‘कासिनो (इटली) येथील मठ. चिरंजीवाने येथे देह ठेविला.’

चिरंजीव म्हणजे आमचे थोरले काका. आम्ही त्यांस पाहिले नाही. ते गेल्यावर चार वर्षांनी आमचा जन्म झाला. मुंबईस डॉक्टरीची परीक्षा उतरून ते १९४२ साली सैन्यात गेले. आदल्याच वर्षीच्या वैशाखात त्यांचे लग्न झाले होते व काकू तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या. पहिल्या संक्रांतीस काकूंना हलव्याचे दागिने घातले तेव्हा काका घरीच होते. दुसऱ्या संक्रांतीस ते इराकात होते. तिसऱ्या संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, १९४४ च्या किंक्रांतीस, तार आली. तारेत गावाचे नाव नव्हते. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातील एक तारीख तेवढी होती. तिळगुळाचा डबा त्या वेळी माजघरात उघडाच होता, एवढे आमच्या आजी पुढे कधीतरी सांगत, आणि त्यापलीकडे काही सांगत नसत.

त्यानंतर महिनाभराने काकांचे शेवटचे पत्र आले. टपालाची गती त्या काळी अशीच होती. माणसाची बातमी आधी पोहोचे व माणसाचे अक्षर मागून. पत्रातील गावांची नावे तपासनिसाने काळी केली होती, परंतु एक वाक्य राहिले होते. खिडकीतून समुद्र दिसतो, रत्नागिरीस भगवतीच्या किल्ल्यावरून दिसतो तसा, पण रंग करडा, असे ते वाक्य. १९४४ च्या पावसाळ्यानंतर त्यांची ट्रंक आली. कपडे, दाढीचे सामान, वैद्यकाची दोन पुस्तके, आणि एका लिफाफ्यात एकेचाळीस छायाचित्रे. काही त्यांनी स्वतः काढलेली, काही बाजारात विकत घेतलेली. पाठीमागे फारसे काही लिहिलेले नव्हते.

ही चित्रे एका जाड वहीत चिकटवून त्यांखाली ओळी लिहिण्याचे काम आजोबांनी अंगावर घेतले. आजोबा एका शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, विषय इतिहास. सन चुकविणाऱ्या विद्यार्थ्यास त्यांच्या वर्गात बाकावर उभे राहावे लागे. त्यांनी वर्तमानपत्रांची कात्रणे जमविली, जुना नकाशा उघडला, व दोन महिने खपून प्रत्येक चित्रास गाव, साल व कारण दिले. ती वही आमच्या घरचा ग्रंथच होती. आम्ही भावंडे सुटीच्या दुपारी ती पाहत असू आणि हिटलरने काय काय पाडले ते बोट ठेवून वाचीत असू.

नोकरीतून मोकळे झाल्यावर आम्ही ती वही पुन्हा हाती घेतली, ती केवळ जतन करावी म्हणून. कडा तुटू लागल्या होत्या. नातवंडांसाठी नकला काढून ठेवाव्या एवढाच हेतू. परंतु एकेक चित्र भिंगाखाली घेऊ लागलो तसतशी आजोबांच्या ओळींविषयी शंका येऊ लागली.

पहिली शंका आली ती एका प्रचंड कमानीच्या चित्रावरून. विटांची उंच कमान, तिच्या एका अंगास मजल्यांवर मजले कोनाड्यांची भिंत, व दुसऱ्या अंगास काहीच नाही. खाली ओळ: ‘बगदादजवळील इराणी राजवाडा. १९४१ च्या जर्मन बॉम्बवर्षावात अर्धा कोसळला.’ १९४१ च्या मे महिन्यात जर्मन विमाने इराकात आली होती हे खरे, व आजोबांनी ते कात्रणात वाचले असणार. परंतु ही कमान म्हणजे टेसिफनचा ताक-इ-किस्रा, सासानी बादशहांचा दरबार; कमानीची रुंदी सुमारे २५ मीटर असून तिच्या पोटात लाकडाचा आधार नाही. गर्ट्रूड बेल या इंग्रज विदुषीने १९०९ साली तिचे छायाचित्र घेतले, त्यातही एकच अंग उभे आहे. दोन्ही अंगे शाबूत असलेले चित्र पाहावयाचे तर त्याहून मागे, द्यूलाफ्वा या फ्रेंच दांपत्याच्या १८८० नंतरच्या प्रवासापर्यंत, जावे लागते. मधल्या काळात, १८८८ साली, तैग्रिस नदीस पूर आला व उत्तरेकडील अंग गेले. जर्मनांचा यात काडीचाही संबंध नव्हता.

या ठिकाणी आम्ही थोडे रेंगाळलो हे कबूल केले पाहिजे. कारण या कमानीच्या छायेत १९१५ च्या नोव्हेंबरात जी लढाई झाली, तीत जनरल टाउनशेंडच्या हाताखाली सहावी डिव्हिजन होती, आणि तिचे नावच मुळी ‘पूना डिव्हिजन’. मराठा पलटणींतील शिपाई त्या मैदानावर पडले, उरलेले माघार घेत कुत येथे वेढ्यात सापडले, व २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने शरण गेले. कोकणातील व देशावरील कितीएक घरांत त्या कमानीची आठवण असावयास हवी होती. आमच्या घरात ती आली, पण चुकीच्या युद्धाची व चुकीच्या शत्रूची होऊन.

दुसरे चित्र हे छापील कार्ड. पडलेली घरे, उघडे वासे, ढिगारा उपसणारे सैनिक, शाली गुंडाळलेल्या बायका. ‘जर्मनांनी माघारीच्या वेळी केलेला विध्वंस’, अशी आजोबांची नोंद. सैनिकांच्या टोप्या आम्हांस जुन्या वाटल्या. वहीतून कार्ड सोडवून पाहिले तेव्हा ध्यानात आले, की आजोबांनी ते चौकोनात बसावे म्हणून खालची पट्टी कात्रीने कापली होती, आणि छापलेला मथळा नेमका त्या पट्टीवर होता. एका कोपऱ्यात अक्षरांची डोकी तेवढी उरली होती. पारदर्शक कागदावर ती उतरवून पुरी करीत गेलो, तो ‘...झानो’ असा शेवट व पुढे ‘१३ जेन्ना’ असे लागले. जेन्नायो म्हणजे इटालियन भाषेत जानेवारी. १३ जानेवारी १९१५ रोजी आब्रुत्सी प्रांतातील आवेझ्झानो गाव भूकंपाने जमीनदोस्त झाले व त्या प्रदेशात सुमारे तीस हजार माणसे मेली. काकांनी ते जुने कार्ड तिकडच्या एखाद्या दुकानात घेतले असावे. आजोबांच्या कात्रीने भूकंपाचे युद्ध झाले.

तिसऱ्याचे तर हसूच आले. एक पडकी भिंत, चिखल, मोडका जिना. खाली ओळ नाही. वहीत ते इटलीच्या पानांमध्ये होते म्हणून आम्हीही इटलीच धरून चाललो होतो. सौभाग्यवतीने डोकावून पाहिले आणि म्हणाली, “अहो, इटलीत दिव्यासाठी कोनाडा आणि पगडीसाठी खुंटी असते का?” भिंतीत खरोखरच कोनाडा होता, काजळीचा डाग असलेला, व त्याशेजारी लाकडी खुंटी. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्यानंतर वडिलांनी नदीकाठच्या पेठांतून चित्रे घेतली होती. त्यांतीलच एक कोणीतरी या वहीत सरकवून ठेविले असावे. आपल्याच शहराची भिंत आम्हांस ओळखू आली नाही.

इमारत पडली म्हणजे तिचे नाव लोकांच्या ध्यानात राहते, पण तिचा चेहरा जातो. उभ्या देवळाची चूक सहसा होत नाही. शिखर पाहून आपण सांगतो. ढिगारा मात्र सगळीकडचा सारखा. मग ज्या ढिगाऱ्याचे नाव त्या वेळी सर्वांच्या तोंडी असेल ते नाव इतर ढिगाऱ्यांस आपोआप चिकटते. मोठमोठ्या संग्रहांतूनही असे घडते; पहिल्या महायुद्धातील ईप्रचे भग्न वस्त्रभवन व आरासचा पडका नगरमनोरा यांची चित्रे पाहणाऱ्यांस एकमेकांजागी वाटतात, त्यात नवल नाही. तेथे आमच्या आजोबांपाशी होते ते काय? एक नकाशा, थोडी कात्रणे, आणि मुलगा गेल्याचे दुःख.

भिंतीवरच्या चित्राविषयी मात्र आम्हांस शंका आली नव्हती. येऊ दिली नव्हती, असे म्हणणे अधिक खरे.

२०२३ च्या दिवाळीत आमची भाची टोरांटोहून आली. तिचा मुलगा चौदा वर्षांचा. फराळाचे ताट घेऊन तो देवांच्या फळीसमोर उभा राहिला, चित्राकडे बराच वेळ पाहिले, आणि म्हणाला, “आजोबा, हे ऑर्टोनासारखे दिसते. पण उलटे.” कॅनडातील शाळांतून ११ नोव्हेंबरचा स्मृतिदिन पाळतात व त्या निमित्ताने त्याने युद्धाविषयी काही लिहिले होते. ऑर्टोनाची लढाई कॅनडाच्या सैन्याने लढली, त्यामुळे तेथील मुलांस ते नाव ठाऊक. आम्ही त्यास हसून सांगितले, की बाळ, हे कासिनो आहे, खाली लिहिले आहे. तो बिचारा गप्प बसला. पण “उलटे” हा शब्द आमच्या डोक्यातून जाईना.

सर्व मंडळी झोपल्यावर चित्र खाली उतरविले. ढिगाऱ्याशेजारी उभ्या असलेल्या शिपायाच्या मनगटावर घड्याळ होते, ते उजव्या. एका घराच्या भिंतीवर दुकानाची पाटी लोंबत होती, तिची अक्षरे आजवर आम्ही इटालियन म्हणून सोडून देत आलो होतो. काकूंची जुनी फणेरपेटी कपाटात होती. तिचा आरसा आडवा धरून त्यात पाटी पाहिली, तो अक्षरे सरळ झाली: मीठ व तंबाखू, अशा अर्थाची, इटलीत त्या काळी ठिकठिकाणी दिसणारी पाटी. म्हणजे छापणाऱ्याने काचेवर किंवा फितीवर घेतलेली मूळ प्रतिमा पालथी घालून छापली होती. उजवे ते डावे झाले होते. साठसत्तर वर्षे आम्ही आरशातले गाव पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाने कॅनडाच्या राष्ट्रीय संग्रहातील ऑर्टोनाची चित्रे पडद्यावर काढून दिली. आमचे चित्र उलटवून त्यांशेजारी ठेविले. ढिगारे हलतात, माणसे व गाड्या हलतात, म्हणून त्यांवर भिस्त ठेवू नये. चिरेची रेषा पाहावी, उभ्या भिंतीतील तडे पाहावे, कठडे व खिडक्या मोजाव्या. घुमटाची कापलेली कड दोन्हींकडे तीच. समोरच्या घराच्या गच्चीचा तुटका कठडा तोच. ते ऑर्टोनाचे सेंट टॉमसचे देवालय होते. २० ते २८ डिसेंबर १९४३ या दिवसांत कॅनडाचे सैन्य व जर्मन हवाई छत्रीधारी यांच्यात त्या लहानशा गावात घराघरातून, भिंतींस भोके पाडून, लढाई झाली. गावातील सुमारे तेराशे नागरिक त्यात मेले. देवालय जर्मन सुरुंगांनी चिरले व घुमटाचा अर्धा भाग खाली आला. पुढे ते पुन्हा बांधून १९४९ साली उघडले. येशूचा शिष्य टॉमस हा आपल्या मद्रासजवळ मैलापूर येथे मारला गेला अशी परंपरा आहे. त्याच्या म्हणून मानलेल्या अस्थी १२५८ साली ऑर्टोनास नेल्या, त्या याच देवालयात आहेत. आमच्या घरात हे कोणास ठाऊक असते तर आजींनी त्या चित्रास आणखी एक फूल वाहिले असते.

आणि कासिनो? तो मठ डोंगराच्या माथ्यावर आहे, पाचशे मीटरहून अधिक उंचीवर. गावातील रस्त्याच्या शेवटी नव्हे. त्याचे भग्न रूप म्हणजे टेकडीवरच्या लांबच लांब पांढऱ्या तुटक्या भिंती. अमेरिकन विमानांनी त्यावर बॉम्ब टाकले ते १५ फेब्रुवारी १९४४ रोजी. काका गेले जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे काकांच्या ट्रंकेतील चित्र पडक्या कासिनो मठाचे असणे शक्यच नव्हते. काकांच्या मृत्युदिनी तो मठ शाबूत उभा होता! यासाठी भिंग नको होते, आरसा नको होता, कॅनडा नको होता. दोन तारखा शेजारी मांडणे पुरे होते. ज्यांनी सन चुकल्याबद्दल शेकडो मुलांस बाकावर उभे केले त्यांनी त्या मांडल्या नाहीत. आम्ही स्वतः चाळीस वर्षे हिशेबतपासनीस होतो. आम्हीही मांडल्या नाहीत.

आजोबांची चूक कशी झाली हे आता उघड दिसते. त्यांनी वही लिहावयास घेतली १९४४ च्या शेवटी. तोपर्यंत कासिनोचे नाव जगभर झाले होते. चौथ्या हिंदी डिव्हिजनने तेथे फेब्रुवारी-मार्चमध्ये रक्त सांडले, आणि काकांची आठवी हिंदी डिव्हिजनसुद्धा पुढे मे महिन्यात तेथेच नदी ओलांडून लढली. ऑर्टोना हे नाव मात्र हिंदुस्थानी वाचकांच्या कानी फारसे पडले नसेल, कारण ते गाव घेतले कॅनडाने. आठवी डिव्हिजन त्या डिसेंबरात त्याच्याच शेजारी, व्हिला ग्रांदे या खेड्यासाठी, चिखलात झुंजत होती. काका तिच्या रुग्णालयात. मुलगा कोठेतरी अनाम खेड्याजवळ गेला असे मानण्यापेक्षा, ज्याचे नाव सारे जग घेते अशा ठिकाणी गेला असे मानणे बापास सोपे गेले असेल. आम्ही त्यांस दोष देत नाही.

तथापि एवढ्यावर गोष्ट संपत नव्हती. चित्राचे गाव बदलले म्हणजे काकांचेही गाव बदलले. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदी आता घरबसल्या पाहता येतात. आम्ही पूर्वी एकदा पाहिल्या होत्या, पण केवळ कासिनोच्या. या वेळी गाव न घालता, आडनावाची इंग्रजी अक्षरे चार-पाच तऱ्हांनी बदलून शोधले. सापडले. सांग्रो नदीच्या युद्धस्मशानभूमीतील दहनस्मारकावर त्यांचे नाव आहे, हुद्द्यासह व तारखेसह. ज्या हिंदी सैनिकांचे त्यांच्या धर्मानुसार दहन झाले, अशा पाचशेहून अधिक जणांची नावे त्या स्मारकावर कोरलेली आहेत. ऑर्टोनाच्या दक्षिणेस, आड्रिआटिक समुद्राच्या बाजूस, ते स्थान आहे. कासिनो पर्वताच्या दुसऱ्या अंगास. मध्ये अपेनाइनची सारी रांग. काकांस अग्नी मिळाला होता, हे आमच्या घरास ऐंशी वर्षांनी कळले. आजी-आजोबांस व काकूंस ते कधीच कळले नाही. मुलाच्या देहाचे काय झाले असेल या विचाराने आजी कित्येक रात्री उठून बसत, असे आई सांगे.

आता हे दादांस सांगणे आले. आमचे वडील बंधू दादा १९८७ साली कंपनीच्या कामासाठी रोमला गेले होते. काकू तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या. हिंगण्यास शिकून, पस्तीस वर्षे शिक्षकी करून निवृत्त झालेल्या. आपल्यासाठी म्हणून त्यांनी जन्मात काही मागितले नव्हते. त्या वेळी मात्र त्यांनी दादांच्या हाती एक लहान तांब्या दिला, गोदावरीच्या पाण्याने भरून तोंड लाखेने बंद केलेला. दादा रोमहून आगगाडीने कासिनोस गेले. तेथील युद्धस्मशानात हिरव्या संगमरवरी खांबांवर चार हजारांवर नावे आहेत. ती वाचता वाचता गाडीची वेळ झाली, नाव मिळाले नाही. मठाच्या पायथ्याशी त्यांनी पाणी सोडले, तीळ वाहिले व चिमूटभर माती पुडीत घेतली. ती माती काकूंनी कुंकवाच्या रिकाम्या करंड्यात घालून देवात ठेविली. १९९६ साली त्या गेल्या तेव्हा अर्धी त्यांच्या अस्थींबरोबर नाशिकास गेली; अर्धी अजून आमच्या देवांच्या फळीवर आहे.

दादांचे वय आज ऐंशी. हृदयविकार आहे. त्यांस सांगावे की न सांगावे, याचा आम्ही तीन महिने विचार केला. घरात दोन पक्ष झाले. सौभाग्यवतीचे म्हणणे, जे पाणी श्रद्धेने सोडले ते पोहोचले. आता उकरून काय मिळवायचे? भाचीचे म्हणणे, खरे ते खरे. आम्ही मनाने सौभाग्यवतीच्या बाजूचे, पण रोज पूजेच्या वेळी त्या ओळीवर नजर जाई आणि हात थांबे. शेवटी एका रविवारी सकाळी कागद, चित्र व आरसा घेऊन दादांकडे गेलो.

त्यांनी सर्व ऐकून घेतले. चित्र आरशात पाहिले. तारखा वाचल्या. मग चष्मा काढून विचारले, “ऑर्टोनाहून समुद्र दिसतो का रे?”

आम्ही म्हणालो, “गाव समुद्राच्या कड्यावरच आहे, दादा.”

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग त्यांनी जे सांगितले ते आम्हांस नवे होते. इटलीहून परतल्यावर काकूंनी त्यांस एकच प्रश्न विचारला होता, तेथून समुद्र दिसतो का. काकांच्या शेवटच्या पत्रातले ते वाक्य काकूंस पाठ असणारच. कासिनोहून कसला समुद्र! चहूकडे डोंगर. पण त्यांच्या तोंडाकडे पाहून दादा म्हणाले होते, “हो काकू, दिसतो. अगदी रत्नागिरीसारखा.”

“एवढेच मी त्यांच्याशी आयुष्यात खोटे बोललो,” दादा म्हणाले. “छत्तीस वर्षे ते मला टोचते आहे.”

“काकू काय म्हणाल्या त्यावर?”

“काही नाही. उन्हाळ्यात मला रत्नागिरीस ने, म्हणाल्या.”

ते मात्र आम्हांस आठवले. १९८८ च्या मे महिन्यात आम्ही सर्व मंडळी रत्नागिरीस गेलो होतो, व काकू भगवतीच्या किल्ल्यावर तटाशी एकट्याच उभ्या राहिल्या होत्या. ऊन लागेल म्हणून आईने दोनदा बोलाविले, तरी आल्या नाहीत. आम्ही तेव्हा त्याचा काही अर्थ लाविला नव्हता.

दादांचा नातू म्युनिकला शिकतो. त्यास डिसेंबरच्या सुटीत सांग्रोस जावयास सांगितले आहे. कोणत्या गाडीने जावे, कोठे उतरावे, याची टिपणे दादाच करीत आहेत. तांब्या विमानात नेऊ देत नाहीत म्हणून पाण्याची व्यवस्था कशी करावी यावर त्या दोघांचे दूरध्वनीवर रोज बोलणे चालते. करंड्यातील मातीही त्याने तिकडे न्यावी की येथेच राहू द्यावी, हे अद्याप ठरलेले नाही.

वही आम्ही पुरी केली. जेथे खात्री पटली तेथे नवी नोंद केली, पानशेतची भिंत काढून वडिलांच्या चित्रांत ठेविली, आणि अकरा चित्रांखाली काहीच लिहिले नाही. भिंतीवरच्या चित्राचे काय करावे ते दादांस विचारले. सरळ छापून नवे लावावे असे भाचीचे मत होते, व तिच्या मुलाने तशी प्रत पाठविलीही. दादा म्हणाले, “आहे तेच राहू दे. आजोबांची ओळ खोडू नकोस. खाली लिही, पण पेन्सिलीने.”

त्याप्रमाणे चौकट उघडून आजोबांच्या शाईच्या ओळीखाली आम्ही लिहिले: ‘ऑर्टोना, डिसेंबर १९४३. दहन सांग्रो नदीकाठी. चित्र उलटे छापले आहे.’